अकरा निकाली, एक बरोबरीत

आण्णा, यंदा मी अकरा गेम पूर्ण केले. त्यासाठी काय मोजलं ते आधी सांगतो, कारण दुसऱ्याची कसलीही बढाई ऐकली की तुम्ही पहिल्यांदा तेच विचारायचात. चारशेच्या वर तास गेले. बारा महिन्यांतल्या जवळपास सगळ्या रविवारच्या दुपारी गेल्या. डाव्या अंगठ्याचं पेर तांब्याची तार ओढून ओढून आधीच राठ झालेलं होतं, ते आता सकाळी उठल्यावर चहाचा कप धरेपर्यंत वाकत नाही. खेळताना हातात धरायचा एक कंट्रोलर झिजून गेला, चष्म्याचा नंबर वाढला. तुमची सून पहिल्यांदा ‘पन्नाशीला आलाय आता’ असं म्हणायची, मग नुसती बघायची, आता बघतही नाही. तेही यातच धरा. आणि सगळ्यात शेवटी पोरगी. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती. आता अकरावीला आहे. गेला दीड महिना ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘जेवायला वाढलंय.’ ‘दुकानातनं माणूस आलाय.’ एवढंच. मला माणसाच्या आवाजातली जरा इकडची तिकडची घरघरसुद्धा कळते, तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. राग नाही. एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी नीट बोलते.

गेम म्हणजे तुम्ही एकदा कराडला स्टँडच्या मागं बघितला होतात तसला नव्हे. आताच्या गेमला गोष्ट असते, गाव असतं, माणसं असतात. एखादा संपवायला तीस-चाळीस तास लागतात आणि शेवट आला की तो गेम ज्यांनी ज्यांनी केला त्यांची नावं खालून वर सरकत जातात. आमचा चौघांचा एक गट आहे. एक मी. एक कुंडलकडचे शाळामास्तर. एक रिटायर फौजी, जतकडचा, ज्याच्या घरची आजही शंभर मेंढरं आहेत आणि जो मेंढरांमागं फिरताना खिशातल्या खेळण्यावर निम्मा गेम खेळून काढतो. आणि एक पाचगणीचा स्ट्रॉबेरीवाला. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही त्याच्या रानात जमतो, मांडवाखाली सतरंजी टाकून बसतो आणि वर्षभरात कुणी काय संपवलं त्याचा हिशेब एकमेकांना देतो. नियम मास्तरांनी घातलेला आहे : शेवटची नावं पूर्ण वर जाईपर्यंत जो जाग्यावर बसला, त्याचाच गेम संपला. मास्तर वहीत तीन रकाने आखतात. संपवला तो निकाली. मधेच सोडला तो बरोबरीत. आणि खेळून खेळून ज्याच्यापुढं हात टेकले तो चीत. हे शब्द कुस्तीच्या मैदानातनं आले ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडच्या माणसाला दुसरे शब्दच सुचत नाहीत. मुंबई-पुण्याची पोरं याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात फौजी म्हणतो, ‘गेल्या वर्षी त्या आगीच्या राक्षसानं मला आठ दिवस खाली दाबून घिस्स्यावर घेतला.’

आणि चीत होण्यात आमच्यात कमीपणा नाही. उलट मास्तर तो रकाना जरा मोठा आखतात. एखादा चीत झाला की तो कसा झाला हे सगळे कान देऊन ऐकतात. माझं मात्र, आण्णा, गेल्या सहा वर्षांत त्या रकान्यात एकदाही नाव नाही. बरोबरीतही नाही. हात घातला तो निकाली. मास्तरांना चार, फौजीला तीन, मला अकरा. मलकापुरातलं दुकान सांभाळून, सहा कारागिरांच्या हातून विहिरींवरच्या रोज पंधरा मोटारी नवी तार भरून जातात ते बघून अकरा. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही मला ‘मधनं उठणारा’ म्हणायचात ना, म्हणून.

त्या यात्रेतल्या कुस्तीची गोष्ट आपल्यात कधी निघाली नाही. तुम्ही ती शेकड्यांनी माणसांना सांगितलीत, पण माझ्याशी नाही, आणि मी तुमच्याशी नाही. मी पंधरा वर्षांचा. तुम्ही पलटणीतनं येऊन गावची तालीम हातात घेतली त्याला पाच वर्षं झाली होती, आणि सगळं गाव तुम्हाला वस्ताद म्हणत होतं. वस्तादाच्या पोरानं मैदानात उतरलंच पाहिजे. मी उतरलो. आधी दोन किरकोळ कुस्त्या मारल्या होत्या, ही तिसरी. पुढचा पोरगा पलूसकडचा, माझ्याच वजनाचा पण मानेनं रेड्यासारखा. दहा मिनिटं नुसती खडाखडी, उभ्यानं मान-मनगट धरून रेटारेटी झाली. मग त्यानं मला खाली घेतला तो घेतलाच. पोटावर पडलोय, उजवा कान मातीत रुतलाय, मानेवर त्याचा घुटना. हलगी कडाडतेय, लोक ओरडतायत, आणि मातीला चिकटलेल्या कानाला सगळं लांबून, घागरीतनं आल्यासारखं ऐकू येतंय. डावा कान वर होता. तुम्ही पंचाच्या जवळ आलात. तुमच्या चपलेचा चामड्याचा आवाज मी कुठंही ओळखला असता. तुम्ही वाकून, ओठ न हलवता पंचाला म्हणालात, ‘सोडवा आता. आमच्या पोरात काय दम न्हाई.’

मग ताठ होऊन, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, तुम्ही हात वर करून म्हणालात की दोन्ही पोरं तोलामोलाची हायत, बरोबरीत सोडवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचानं दोघांचे हात धरून वर केले. दोघांना फेटा, दोघांना नारळ. त्या पलूसच्या पोरानं माझ्याकडं बघितलं. त्याला माहीत होतं, आणखी दोन मिनिटांत मी चीत होतो. मला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. बाकी दोन हजार माणसांना नव्हतं. घरी येताना तुम्ही माझा फेटा तुमच्या हातानं नीट केलात आणि पारावरच्या माणसांना म्हणालात, ‘ह्याला पाडणारा अजून जन्माला यायचाय.’ मी तुमच्या शेजारी उभा होतो, आण्णा. नारळ हातात धरून. मानेला कळ येत होती आणि ती मी दाखवत नव्हतो, कारण न हरलेल्या माणसाची मान दुखत नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी ताटावर बसलो होतो. एरवी तुम्ही आम्हा पोरांच्या ताटापाशी कधी येत नव्हतात. तुम्ही विचारलंत की पाय मोडलाय का. मी भाकरीचा तुकडा मोडला. आईनं सांगून बघितलं की अंग दुखत असंल त्याचं. तुम्ही म्हणालात, ‘अंग न्हाई दुखत त्याचं. त्यो मधनं उठणारा हाय. बघ, आताबी उठंल.’ आणि खरोखरच मी उठलो. अर्धी भाकरी ताटात तशीच. तुम्ही जे म्हणाल ते खरं करून दाखवायची मला त्या वयात भारी हौस होती. आईनं ती अर्धी भाकरी गाईला घातली.

मी कराडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो तो कानाच्या जोरावर. पहिल्या आठवड्यात मिस्त्रीनं एक विहिरीवरची मोटार चालू करून विचारलं, काय बिघाड असंल. मी नुसतं ऐकून सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय, पुढचं जायला लागलंय. खोलून बघितलं तर तसंच. त्या दिवसापासून मला कुणी पोऱ्या म्हणालं नाही. पण तिथंच स्टँडच्या मागं तो गेमवाला होता. काळ्या काचेचा दरवाजा, आत चार मशिनी, घामाचा आणि अगरबत्तीचा वास. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जायचो. का जायचो ते तेव्हा सांगता आलं नसतं, आज सांगतो. तिथं मी हरायचो. लय हरायचो. रोज हरायचो. आणि मधे येऊन कुणी सोडवत नव्हतं. मशीन कुणाचा पोरगा म्हणून बघत नव्हती. मेलास की मेलास. पडद्यावर तुझं नाव खाली जायचं आणि बाहेर उभ्या पोराचा नंबर लागायचा.

एकदा तुम्ही तिथं आलात. मी मशीनवर, पाठमोरा. मागं चपलेचा तो आवाज आला आणि थांबला. मी वळलो नाही. तुम्ही किती वेळ उभे होतात कुणास ठाऊक, माझे तीन डाव झाले. मग तुम्ही विचारलंत, ह्यात निकाल कसा लागतो. मी सांगितलं, लागत न्हाई आण्णा, शेवटाला गेलं की परत पयल्यापास्नं चालू हुतं, जरा जोरात. तुम्ही थोडा वेळ पडद्याकडं बघितलंत. तिथली पोरं तुमच्या फेट्याकडं बघत होती. ‘निकाल न्हाई, तर मग खेळतोस कशाला?’ तुम्ही म्हणालात, चिडून नाही, खरंच कळलं नाही म्हणून. तुम्ही काखेतनं फडक्यात बांधलेल्या भाकरी काढून मशीनवर ठेवल्यात. शेंगदाण्याची चटणी होती वर, कागदात. आणि निघून गेलात. तेवढ्यासाठी तुम्ही सकाळच्या एस.टी.नं आला होतात हे मला संध्याकाळी आईचा निरोप आला तेव्हा कळलं. मी त्या भाकरी खाल्ल्या. चांगल्या होत्या. पण एक विचारतो, आण्णा. मैदानात दोन मिनिटं गप्प बसणं आणि मला हरू देणं, हे तुम्हाला त्या एस.टी.पेक्षा अवघड होतं का?

दुकान मी स्वतः काढलं, तुमच्याकडनं काही न घेता. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, ते बढाई समजून हसतात, पण खरं आहे ते. आज कुंडलपासून वाईपर्यंतची माणसं मला फोनवर मोटार ऐकवतात. विहिरीच्या काठावर फोन धरतात, मी इथनं सांगतो. तुम्ही एकदाच दुकानात आलात. उंबऱ्यात उभं राहून सगळं बघितलंत, वार्निशच्या वासानं नाक पुसलंत आणि म्हणालात की उजेड चांगला हाय. बस. त्यानंतर सांगलीला दवाखान्यात. अर्धं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तुम्ही माझी ओळख करून दिलीत. सुटे सुटे शब्द करून. ‘ह्यो... माझा थोरला. एक बी कुस्ती... हरला न्हाई.’ म्हातारा माझ्याकडं कौतुकानं बघायला लागला. मी तीन कुस्त्या खेळलो होतो, आण्णा. आयुष्यात तीन. आणि तिसरीचं काय झालं ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुमच्या कानाशी वाकून, तुमच्यासारखंच हळू, म्हणायला हवं होतं की मी ऐकलं होतं. बोललो नाही. तुमची उशी नीट केली आणि खाली औषधं आणायला गेलो. तुम्ही गेलात त्या दिवशी गावातले लोक मला धरून रडत होते आणि त्यांतला एक म्हणाला, वस्ताद तुझ्यावर लय जीव लावून हुता रं, सगळ्यांना सांगायचा. मी मान हलवली. अजूनही तो दिवस आठवला की पहिल्यांदा दुःख येत नाही. दुसरंच काहीतरी वर येतं.

आता पोरीचं. तिला मीच खेळायला शिकवलं. सहा-सात वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून कंट्रोलरचं एक बटण ती दाबायची, बाकीची मी. आता तीच मला दोन गोष्टी शिकवते. गेली दोन वर्षं आमच्या डिसेंबरच्या बैठकीलाही येते. मास्तरांच्या वहीत तिचंही पान आहे. यंदा दिवाळीनंतर ती एका गेमच्या शेवटाला अडकली. शेवटाला एक आंधळा राक्षस आहे, गळ्यात घंटा बांधलेला. घंटेच्या आवाजावरनं ओळखायचं तो कुठनं येणार. ती हरली. मग परत हरली. दारामागं पेन्सिलनं रेघा मारायला लागली, प्रत्येक हरण्याची एक. तुमची सून म्हणाली, भिंत कशाला खराब करतीस. ती म्हणाली, करू द्या, पुसते नंतर.

मला आतल्या खोलीतनं सगळं ऐकू यायचं. पडदा न बघता मला कळायचं. घंटेचा तिसरा टोला पडला की ती घाई करायची. बटणाचा आवाज टोल्याच्या आधी यायचा, नंतर नाही. एवढंच चुकत होतं तिचं. एवढंच. बेअरिंगचा आवाज यावा आणि आपण हात बांधून बसावं, तसं मला होत होतं. सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ती म्हणाली होती, पप्पा, काही सांगायचं नाही हं. म्हणून मी सांगितलं नाही. त्रेसष्ट रेघा झाल्या. त्या दिवशी दुपारी ती हरल्यावर नेहमीसारखी पुटपुटली नाही. नुसती उठली, आणि केस धुवायला न्हाणीत गेली. मला न्हाणीतल्या पाण्याचा आवाज येत होता आणि मधे मधे नाक ओढल्यासारखा आवाज येत होता. तो पाण्याचा असेलही. मला तो सहन झाला नाही, आण्णा. एवढंच माझं कारण. तुम्हाला काय कारण होतं ते मला माहीत नाही.

प्रत्येक गेममध्ये अवघड, मध्यम आणि सोपा असं ठरवायची सोय असते. मधेही बदलता येतं. तिनं अवघड लावलं होतं. मी तिचा गेम उघडला, आत गेलो आणि अवघडचं सोपं केलं. सगळं होतं तसं ठेवलं, कंट्रोलर ज्या कोनात पडला होता त्याच कोनात ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. ती आली, डोक्याला टॉवेल बांधून बसली. घंटा वाजायला लागली. तिसऱ्या टोल्याला तिनं परत घाई केली, मी ऐकली, आणि तरी राक्षस पडला. पहिल्याच डावात. मी स्वयंपाकघरातनं टाळी वाजवली. म्हणालो, ‘बघ, मी म्हणलं नव्हतं?’ मी काहीच म्हणालो नव्हतो.

ओरडणं नाही, हसणं नाही. शेवटची नावं वर जाताना जे संगीत लागतं ते वाजायला लागलं आणि मधेच बंद पडलं. मग बटणाचे बारीक आवाज. टक, टक, टक. ते मी ओळखतो. पाच मिनिटांपूर्वी मीच तेवढीच बटणं दाबत त्याच जागी गेलो होतो. मी कप हातात घेऊन दारात गेलो. ती पडद्याकडं बघत होती.

‘पप्पा, तुम्ही हात लावला का याला?’

‘न्हाई बा,’ मी म्हणालो. बघा, खोटं बोलताना माझी भाषा गावची झाली.

‘चौसष्टाव्या वेळेला हरले असते,’ ती म्हणाली. ‘पासष्टाव्या वेळेला हरले असते. मग बघितलं असतं मी.’

मी म्हणालो, अगं रडत हुतीस म्हणून. ती म्हणाली, ‘मी रडत नव्हते. आणि रडले असते तरी माझं मी रडले असते.’ मग तिनं तिचा गेम बंद केला आणि माझं खातं उघडलं. तिथं मी यंदा संपवलेल्या सगळ्या गेमची यादी असते, कुठला कसा खेळला त्याच्या नोंदीसकट. तिनं ती वरपासून खालपर्यंत बघितली. घाई न करता, एकेक. मी कप धरून उभा. तिनं कंट्रोलर माझ्या हातात दिला, चहा घेतला नाही, आणि आत जाऊन दारामागच्या त्रेसष्ट रेघा ओल्या फडक्यानं पुसायला लागली. फडक्याचा आवाज बराच वेळ येत होता.

गेल्या रविवारी पाचगणीला गेलो. मला वाटलं होतं ती येणार नाही. आली, कारण मास्तरांना तिनं शब्द दिला होता. गाडीत कानात गाण्याची बटणं घालून खिडकीकडं बघत बसली. पसरणीचा घाट चढताना मी दोनदा आरशातनं बघितलं. तिकडं पहिलं पीक निघालं होतं, स्ट्रॉबेरीवाल्यानं परातभर समोर ठेवली. मास्तरांनी वही काढली. फौजीचे तीन निकाली, दोन चीत. एका चीतची गोष्ट त्यानं अशी सांगितली की मास्तरांना ठसका लागला. मेंढरं जोंधळ्यात शिरली होती म्हणे, म्हणून हरलो, राक्षसामुळं न्हाई. स्ट्रॉबेरीवाला म्हणाला, ‘तुझ्या प्रत्येक हारीला मेंढरू का रं कारणीभूत असतं?’ सगळे हसले. पोरगीही हसली. तिचा तो आवाज मी दीड महिन्यानं ऐकला.

मग तिचा नंबर आला. ती म्हणाली, सहा निकाली. दोन चीत. आणि एक बरोबरीत. मास्तरांनी पेन्सिल थांबवली. तो घंटेवाला ना, त्यांनी विचारलं, कारण तिनं त्या रेघांचे फोटो त्यांना पाठवले होते. त्रेसष्ट रेघांवर सोडलास? फौजी पुढं सरकला, म्हणाला, आवं मास्तर, अशी ही पोरगी कुठं सोडती, बरोबरीत कुणी सोडवली ते विचारा. ‘कोण हुता पंच?’

माझ्या तोंडात स्ट्रॉबेरी होती. मी ती चावलीही नाही, गिळलीही नाही. मला तिचा श्वास ऐकू आला. ती माझ्याकडं बघणार असं मला वाटलं, आणि बघावं असंही वाटलं. बघितलं असतं तर तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं, असं मी आज म्हणतो. ती परातीकडं बघत म्हणाली, ‘लाईट गेली काका.’ मास्तर हळहळले. सेव्ह केलेला खेळ पण गेला का गं? हो म्हणाली. त्यांनी बरोबरीच्या रकान्यात एक रेघ मारली.

मग मी. मी अकरा नावं वाचली. एकही चीत नाही, एकही बरोबरीत नाही. वाचताना आवाज नेहमीसारखा लागत नव्हता, तरी वाचली. फौजीनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला की ह्याला पाडणारा अजून जन्माला यायचाय गड्या. त्याला काय माहीत, आण्णा, हे वाक्य कुणाचं आहे. मी हसलो. पोरीनं एक स्ट्रॉबेरी उचलली, तिचा देठ काढला आणि परत परातीत ठेवली. येतानाही ती कानात बटणं घालून बसली. मला वाटतं तिनं माझ्यासाठी जे केलं तेच मी दवाखान्यात तुमच्यासाठी केलं होतं, आणि ते करताना माणसाच्या मनात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ती माया नसते. निदान सगळी नसते. म्हणून मला भीती वाटते. मी तुमची उशी नीट केली होती, औषधं आणली होती, रोज सांगलीला हेलपाटा घातला होता, आणि तरी मी तुमच्याकडं परत आलो नव्हतो. पंधराव्या वर्षी गेलो तो गेलोच. तुम्हाला ते कधी कळलं नाही. मला मात्र कळेल. माझे कान अजून शाबूत आहेत, आणि ती घरातनं चालताना मला रोज ऐकू येते.

आज सकाळी तिला सांगायला म्हणून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत ती तोच गेम परत पहिल्यापासून खेळत होती. घंटा अजून यायची होती, गेम अजून सुरुवातीलाच होता, नदीच्या गावात. मी दार वाजवलं नाही. दुकानात आलो आणि वाइंडिंगच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर हे लिहायला बसलो. कुठली मोटार, कुठल्या गेजची तार, किती वेढे, असल्या आकड्यांची डायरी आहे ही. ती कारागीर उघडत नाहीत आणि तुम्ही तर उघडणारच नाही. तुमच्यावरचा राग मी या कागदावर कमी करू शकलो नाही. तसा विचारही नव्हता. फक्त एक गोष्ट तेवढी नीट लिहून ठेवतो, कारण ती पोरीला माहीत आहे आणि मास्तरांच्या वहीत नाही. यंदाचे अकराच्या अकरा गेम मी ‘सोपा’ लावून खेळलो. गेल्या सहा वर्षांतलेही सगळे.